लसा ट्रंकवाल्याची पन्हळ

गफार गनईनं करवत आधीच आणून ठेवली होती. नुसती आणली नव्हती, ओट्याच्या खांबाला अशी टांगली होती की शेजारची फाझी चुलीपाशी बसली की खिडकीतून तीच दिसावी. मीठचहा ढवळताना करवत, भाताचं पाणी काढताना करवत.

निकाल मशिदीच्या अंगणात लागला होता. फाझीच्या घराचं पत्र्याचं छप्पर गफारच्या अंगणावर हातभर पुढं आलेलं. त्या वळचणीवरून दर हिवाळ्यात बर्फाच्या लाद्या आपल्या अंगणात कोसळतात आणि पागोळ्यांनी जमिनीला चर पडतो, अशी गफारची तक्रार. तेव्हा फाझीच्या घरच्यांनी छपरावरचं बर्फ अडवावं, पाणी पन्हळीनं आपल्या बाजूला वळवावं. पहिल्या बर्फाला त्या वळचणीवरून एक जरी लादी गफारच्या अंगणात पडली, तर वळचण भिंतीलगत कापून टाकायची.

बोलायला काय जातं? म्हाताऱ्यांनी दाढ्या हलवल्या आणि निखाऱ्यांच्या कांगड्या सावरत घरोघर गेले. फाझीची भिंत कच्च्या विटांची आहे, वळचण गेली की दोन हिवाळ्यांत तिचा चिखल होईल आणि घर बसेल, हे त्यांच्यातल्या एकाला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण गफारच्या बागेतली सफरचंदांची पेटी सगळ्यांच्या घरी पोचलेली, आणि फाझीच्या घरून कुणाच्या घरी काही पोचायची सोय नव्हती.

गफारचं घर अंगणाच्या पलीकडच्या बाजूला. पक्कं, दुमजली, वर हिरवं रंगीत छप्पर. इतकं उभं की कावळा बसला तर घसरून पडावा. सबंध हापतनार गावात तसं छप्पर दुसरं नव्हतं, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

"पन्हळ ना? करतो की," लसा म्हणाला. लसा म्हणजे फाझीचा नवरा. "पत्रा आहे, हात आहेत."

"ट्रंक नाहीये ती, अहो."

"ट्रंकेचं झाकण काढ, दोन बाजू काढ. काय उरलं? पन्हळच उरली!"

एकेकाळी या खोऱ्यातली एकही मुलगी लसाच्या ट्रंकेशिवाय सासरी गेली नव्हती. वर गुलाब रंगवलेले, कडी अशी की लावली की टक्क वाजायची. मग कपाटं आली, चाकांच्या बॅगा आल्या, आणि लसाच्या दुकानात कोंबड्या अंडी घालायला लागल्या. आता नुसता पन्हळीचा विषय निघाला तर त्या माणसाचे डोळे लकाकायला लागले. भाकरी अर्धी टाकून तो उठला, कोंबड्या हाकलल्या आणि पत्र्याची कात्री शोधायला लागला. दिलशादानं आईकडं बघितलं. एकुलती लेक ती, बागांमध्ये पेट्या भरायला जायची, कुणाला हार न जाणारी.

"आई, बाबा शीळ घालतायत."

"घालू दे. किती वर्षांनी घालतायत."

दुसऱ्या दिवसापासून घरात नुसता ठणठणाट. लसा पत्रा लाकडी ओंडक्यावर धरायचा, लाकडी हातोड्यानं वाकवायचा, बाहेरची कड दुहेरी दुमडायचा. दोन तुकडे जोडायचे तिथं रिबिटा मारून वरून कथील ओतायचा. दिलशादा भट्टीचा भाता मारायची, फाझी लांब पत्र्याचं दुसरं टोक धरून उभी राहायची. थंडीनं पत्रा असा गारठलेला की उघडा हात लावला तर कातडी चिकटायची. लसाच्या गुडघ्यात वात. उठताना तो भिंतीला धरून उठायचा, पण हातोडा हातात आला की गुडघा कुठल्या कुठं. लोहाराकडून पट्टीचे आकडे वाकवून आणले, प्रत्येक वाशाच्या टोकाला एक.

पन्हळ चढवायच्या दिवशी लसानं फडक्यात गुंडाळलेली पाणसळ बाहेर काढली. तिच्या काचेतला बुडबुडा बरोबर मधोमध आल्याशिवाय आयुष्यात त्यानं एक ट्रंक दुकानाबाहेर सोडली नव्हती. शिडीवर चढून एकेक आकडा ठोकला, पाणसळ ठेवली, बुडबुडा पाहिला. जरा वर. जरा खाली. संध्याकाळी पन्हळ अशी बसली की डोळ्याचं पारणं फिटावं. छपराच्या कडेला घट्ट, वर, एका रेषेत.

गफार ओट्यावर बसून हुक्का ओढत सगळं बघत होता.

"लसा, पाणी ओतून दाखव की," तो म्हणाला.

"ओततो. तुम्हाला दाखवायलाच ओततो!"

फाझीनं शिडीवरून पहिली बादली छपरावर ओतली. दुसरी ओतली. दिलशादा खाली, पन्हळीच्या टोकाखाली ठेवलेल्या पिंपापाशी वाट बघत उभी. पिंपात थेंब नाही. तिसरी बादली ओतली. पन्हळीत पाणी नुसतं उभं राहिलं, तळ्यासारखं, वर आभाळ दिसायला लागलं. चौथी ओतली तसं ते मधूनच कडेवरून उसळलं आणि धबधबा खाली, गफारची बायको शाहमाल हिनं दोरीवर वाळत घातलेल्या दुध्याच्या माळांवर. अख्ख्या हिवाळ्याची भाजी!

"या अल्ला!" शाहमाल सूप टाकून धावली.

गफारला हसू आवरेना. हुक्क्याची नळी तोंडातून सुटली. "अरे, ट्रंकच टांगलीस की रे वर! कुलूप लाव, कुलूप! कुणी पाणी चोरून न्यायला नको!"

ओढ्याकडून येणारी माणसं थांबली. ती पण हसली. दोन दिवसांत गावभर झालं. लसा दुकानात ब्रेड घ्यायला गेला तर मागून कुणीतरी म्हणालं, "कुलूप मिळालं का?" लसा तसाच परत आला, ब्रेड न घेता, आणि भिंतीकडं तोंड करून निजला.

फाझीनं त्याच्या अंगावरची गोधडी ओढली.

"उठा."

"मला नको सांगूस काही."

"सांगणारच. तुम्ही ती सरळ लावलीत."

"मग काय वाकडी लावू? वाकडं काम लसा ट्रंकवाला करतो का?"

"अहो, मी जन्मभर भातखाचरात पाणी फिरवलं. पाटाला उतार नसला तर पाणी जागचं हलतं का? ट्रंक पाणी अडवते, पन्हळ पाणी घालवते. तुम्हाला सवय अडवायची!"

लसा उठून बसला. मग त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"म्हणजे मी एवढी मेहनत करून," तो म्हणाला, "गफारच्या अंगणावर जगातली सगळ्यात लांब ट्रंक टांगली."

दिलशादा आधी फिसकन हसली. मग फाझी. मग तिघं असे हसले की कांगडीतला निखारा सांडता सांडता राहिला.

"अजून एक," दिलशादा म्हणाली. "बर्फ घसरलं की पहिला धक्का पन्हळीलाच बसणार. वरच चिकटवलीत ना तिला."

याचं उत्तर लसाकडं होतं. एकदा डोकं चालायला लागलं की ते थांबणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं एक लांब सरळ फळी छपराच्या उतारावर निजवली, अशी की तिचं टोक छपराबाहेर हातभर निघावं. घसरणारं बर्फ याच रेषेनं जाणार. तर पन्हळीची बाहेरची कड या फळीच्या खाली राहिली पाहिजे. बर्फ वरून उडून जाईल, पाणी मात्र कडेवरून ओघळून आत पडेल. सगळे आकडे काढले, खाली घेतले. लांबचं टोक फळीच्या जरा खाली, पिंपाकडचं टोक त्याहून चार बोटं खाली, आणि मधे ताणलेली सुतळी. एक बादली ओतली. पाणी पन्हळीतून असं धावलं की दिलशादा ओरडलीच, "आलं! आलं! बाबा, पिंप वाजतंय!"

फाझीनं गफारच्या ओट्याकडं पाहिलं. आज हुक्का गप्प होता.

पण पन्हळ पाण्याला. बर्फाला काय? ते वरच अडायला हवं, बसून राहायला हवं, हळूहळू वितळायला हवं. त्यासाठी लसानं मोडक्या ट्रॉलीचे लोखंडी कोन, काटकोनात वाकलेल्या जाड पट्ट्या, आणले, भोकं पाडली. ते छपरावर दोन रांगांत आडवे बसवायचे, वरची रांग खालच्या फटींवर येईल अशी. भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडायचं, खळग्यात नाही, नाहीतर घरात गळती. प्रत्येक स्क्रूखाली रबरी चकती, आणि स्क्रू थेट वाशात.

छपरावर कोण जाणार? लसाच्या गुडघ्याला ते उभं पाखं झेपणारं नव्हतं.

"मी जाते," फाझी म्हणाली.

गावात बोलायला लोकांना तेवढंच हवं होतं. बाई छपरावर! पायजमा खोचून! मशिदीतून बाहेर पडणाऱ्यांनी माना खाली घातल्या आणि डोळे वर केले. हेच लोक भातलावणीला बायकांना गुडघाभर चिखलात दिवसभर वाकलेल्या बघतात तेव्हा कुणाची मान खाली जात नाही. फाझीनं कमरेला दोर बांधला, तो आढ्यावरून पलीकडं सोडला, अक्रोडाच्या बुंध्याला एक वेढा देऊन टोक दिलशादाच्या हातात दिलं. आणि चढली.

वरचा वारा वेगळाच. पीर पंजालच्या डोंगरांवरून सुटलेला, अंगातल्या ढगळ फेरनच्या बाहीतून घुसून बगलेत चावणारा. पत्र्यावर पोट टेकवून ती सरपटत होती, दातात स्क्रू, हातात पाना. पहिला कोन बसेपर्यंत तिनं कमरेचा दोर चारदा चाचपला. दुसऱ्याला कमी. तिसऱ्याला तिच्या लक्षात आलं की आपल्याला मजा येतेय! तिनं आजवर या छपराखाली स्वयंपाक केला, दुखणी काढली, लेक जन्माला घातली, आणि त्याच्या पाठीवर आज पहिल्यांदा चढली.

"बाबा विचारतायत, घट्ट झाला का!" खालून दिलशादा.

"बाबांना म्हणावं, या वर आणि लोंबकळून बघा!"

शेवटचा स्क्रू बसला त्या दुपारी आभाळ खाली आलं होतं. लोकरीसारखं, पांढुरकं, वाऱ्याशिवाय.

आणि सकाळी बर्फ.

दार उघडलं तर उंबऱ्यापर्यंत. झाडं, कुंपणं, गवताच्या गंज्या, सगळ्यांच्या डोक्यावर जाड टोप्या. असं काही पडलं की हापतनारमध्ये म्हातारीकोतारीही शुद्धीवर राहत नाहीत. कारण पहिल्या बर्फाचा खेळ. शीन म्हणजे बर्फ, आणि नवशीनच्या दिवशी कुणी कशात तरी लपवून तुमच्या हातात बर्फ दिलं आणि तुम्ही ते घेतलं, की हरलात. मागेल ते द्यायचं. नाही म्हणायची सोय नाही, लहानथोर नाही. त्या दिवशी सासरे सुनेच्या हातचा पेला घेत नाहीत आणि दुकानदार ग्राहकाची नोट उलटीसुलटी करून बघतात.

दिलशादानं बापाला गरम लवासा रोटी फडक्यात गुंडाळून दिली. लसानं घेतली, उघडली, आणि आत थंडगार पांढरा गोळा.

"नवशीन मुबारक, बाबा!"

"घात झाला! काय मागतेस?"

"नंतर सांगते. आधी वर बघू चला."

वर छपरावर हातभर जाड थर बसला होता. लोखंडी कोन त्याच्याखाली कुठं तरी दबलेले, दिसतही नव्हते. धरणार की सोडणार? दुपारकडं ऊन पडलं, असं लख्ख की डोळे मिटावेत. पत्रा खालून तापायला लागला. आता.

गफार म्हाताऱ्यांना घेऊन आला. पुढं कादिरकाक, मशिदीच्या कमिटीचा प्रमुख, मफलर कानावर बांधून. मागं आणखी चारपाच जण आणि अर्धं गाव. सगळे गफारच्या अंगणात ओळीनं उभे राहिले, फाझीच्या वळचणीकडं माना वर करून. गफारनं करवत खांबावरून काढून काखेत धरलेली.

"थोड्या वेळाचा प्रश्न आहे," तो म्हणाला. "दरवर्षी याच वेळेला येतं. इथं, बघा, या इथं. कमरेएवढा ढीग पडतो. माझी बायको उपसून उपसून मरते."

शाहमाल वरच्या खिडकीत उभी होती.

फाझीच्या छपरावरून एक थेंब पडला. पन्हळीत. टण्. मग दुसरा. मग सगळ्या कडेनं पागोळ्या सुरू झाल्या, आणि एकही खाली आली नाही. सगळं पाणी पन्हळीत शिरून खळखळत पिंपाकडं निघालं. पिंप ढमढम वाजायला लागलं. लसा पिंपावर हात ठेवून उभा होता, पाळण्यावर ठेवावा तसा.

वर थरात एक करकरीत आवाज झाला. माणसं अर्धं पाऊल मागं सरली. थर बोटभर सरकला. आणखी बोटभर. वळचणीच्या टोकाला बर्फाची कड जराशी फुगून आली, वाकली...

आणि थांबली.

"धरलं," लसा पुटपुटला. मग ओरडला, "धरलं गं! फाझी, धरलं!"

"थांबा! अजून थांबा!" गफारनं हात वर केले. तो अंगणाच्या मधोमध आला, फाझीच्या छपराकडं तोंड, आपल्या घराकडं पाठ. "आत्ता येईल. दरवर्षी येतं म्हणतो ना मी! अंगण माझं आहे, मला माहीत नाही? धाडकन येतं, आणि..."

आलं. धाडकन आलं.

मागून आलं. त्याच्याच त्या हिरव्या, गुळगुळीत, उभ्या छपरावरून. आधी गडगडाट, जणू ट्रकभर दगड ओतले, मग पांढरा धुरळा, मग सगळं शांत. धुरळा बसला तेव्हा अंगणात ढीग होता आणि ढिगात कमरेपर्यंत गफार गनई, टोपी गेलेली, भुवया पांढऱ्या, करवत कुठं तरी खाली गाडलेली.

कादिरकाकनं हिरव्या छपराकडं बघितलं, ते आता कोरडं लखलखत होतं. मग फाझीच्या छपराकडं, जिथं सगळं बर्फ जागच्या जागी होतं. मग ढिगाकडं.

"गफारा," तो सावकाश म्हणाला, "कमरेएवढाच आहे की रे ढीग. दरवर्षीएवढाच."

वर खिडकीत शाहमालनं तोंडावर ओढणी धरली. खांदे हलत होते. मग तिला राहवेना. "एवढे हिवाळे!" ती खच्चून हसली. "एवढे हिवाळे मी या माणसाचंच बर्फ उपसलं आणि शिव्या मात्र फाझीला दिल्या!"

मग गाव हसलं. फाझी मात्र हसली नाही, ती पुढं झाली. जिच्या भिंतीवर हा माणूस उठला होता तीच. फेरनच्या लांब बाहीत हात ओढून ती ढिगाजवळ गेली.

"द्या हात, गफारभाई. बाहेर काढते."

गफारनं हात पुढं केला. लालबुंद. फाझीनं बाहीतून हात काढून त्याच्या तळव्यात दाबला, त्यानं घट्ट मूठ मिटली, आणि तिनं आपला हात हळूच मागं घेतला. मूठ तशीच राहिली. मुठीतून पाणी टपकत होतं.

"नवशीन मुबारक."

असा गलका झाला की झाडांवरचं बर्फ पडलं.

"हे चालणार नाही!" गफार ओरडला. "मी अडकलोय! अडकलेल्या माणसाला..."

"हातात घेतलंस का नाहीस?" कादिरकाक म्हणाला.

"घेतलं, पण..."

"मग संपलं. माग, फाझी. काय मागायचं ते माग."

लसानं घसा खाकरला. माणसांनी कान टवकारले. त्यांना वाटलं, ही आता वळचणीचं वचन मागेल. पण वळचण तर फाझीनं राखलेली होती, स्वतःच्या हातांनी, त्या लोखंडी कोनांवर. दिलेलं तिला नको होतं.

"जपून माग गं," वरून शाहमाल म्हणाली. "हा परत हातात यायचा नाही."

फाझीनं हिरव्या छपराकडं बघितलं.

"या छपरावर पण बर्फाला अडणी बसवायची, आमच्यासारखी," ती म्हणाली. "आत्ता. छप्पर रिकामं आहे, उद्या परत पडेल. उरलेले कोन आमच्याकडं आहेत. स्क्रू मी मारणार. पन्हळ आमचे हे करतील, पत्रा तुम्ही आणायचा. शाहमालनं फावडं धरायचं नाही पुन्हा."

"आणि मी?" गफारनं विचारलं. दोघा जणांनी त्याला काखेत धरून उपसून काढलेलं, बुटात बर्फ, अंगातून वाफा.

"तुम्ही माझा दोर धरायचा."

तो काहीतरी बोलणार होता. मग त्यानं आजूबाजूला पाहिलं, गाव पाहिलं, खिडकी पाहिली. दिलशादानं दोराचं टोक त्याच्या पुढ्यात टाकलं.

"काका, पाय भिंतीला टेकवा. आणि हसू नका मधेच, हात सैल पडतो."

फाझी चढली. हिरवं छप्पर तिच्या छपरापेक्षा कितीतरी उभं, पण उन्हानं कोरडं ठाक. खाली गफारनं दोर आधी एका हातानं धरला. तिचा पाय जरा घसरला तसा तो दचकला आणि दोराचा तळव्याला एक वेढा घेतला, मग आणखी एक. आढ्यापाशी पोचून ती पाय दोन्हीकडं टाकून बसली, धापा टाकत, आणि मान वर केली.

समोर तिचं घर होतं. तिनं ते या उंचीवरून कधी पाहिलंच नव्हतं. कच्च्या भिंती, धुराड्यातून सरळ वर जाणारा धूर, आणि त्या सगळ्यावर अखंड पांढरी रजई, कुठं फाटलेली नाही. कडेला लसाची पन्हळ उन्हात चांदीसारखी चमकत होती. जरा तिरकी. पाणी तिच्यातून एका अंगानं धावत होतं आणि त्याचा आवाज इथवर येत होता.

"फाझी!" खालून गफार. आवाजात पहिल्यांदाच काळजी. "काय झालं? गप्प का बसलीस? चक्कर येतेय का?"

"नाही!" ती ओरडली, आणि मग तिला हसू फुटलं, असं की सगळं छप्पर हललं. "धरून ठेवा गफारभाई, आता कुठं सुरुवात आहे! दिलशादा, पाना फेक!"